पेशीला थांबवते कोण? पेशीविभाजन आणि कर्करोग या विषयाची प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाचा बायॉप्सी रिपोर्ट हाती पडला की घरातले शिकलेले माणूस आधी आकडे शोधते. ईआर, पीआर, हर-टू यांच्या खाली एक ओळ असते, ‘केआय-६७’, आणि तिच्यापुढे टक्केवारी: कुणाची १०, कुणाची ३०, कुणाची ७०. केआय-६७ हे एक प्रथिन आहे. पेशी निवांत असते तेव्हा ते तिच्या केंद्रकात सापडत नाही. विभाजनाच्या तयारीला लागली की दिसू लागते. त्याला चिकटणारे प्रतिपिंड वापरून काचपट्टी रंगवली की अशी केंद्रके तपकिरी उठून दिसतात आणि पॅथॉलॉजिस्ट ती मोजतो. म्हणजे गाठीचा तुकडा काढला त्या घडीला शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या फेऱ्यात होत्या, एवढेच तो आकडा सांगतो.

हे प्रतिपिंड १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात तयार झाले. त्याच कीलमध्ये शंभर वर्षे आधी वाल्थर फ्लेमिंग सॅलमँडरच्या पिल्लांचे कल्ले आणि शेपटीचे पातळ पडदे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत असत. सॅलमँडरच का, तर त्याच्या पेशी चांगल्या मोठ्या असतात आणि त्यांतली गुणसूत्रेही जाड. कापड रंगवण्यासाठी निघालेले नवे ॲनिलीन रंग त्यांनी पेशींवर वापरले. केंद्रकातला गुंता रंग पकडी, त्याचे धागे आखूड व जाड होत, पेशीच्या मध्यावर ओळीने येत, उभे चिरले जात आणि प्रत्येकाचा एकेक अर्धा भाग पेशीच्या दोन टोकांना ओढला जाई. पुष्कळशा पेशी मेलेल्या, रंगवलेल्या; कोणती अवस्था आधीची आणि कोणती नंतरची, हे जिवंत पेशीशी ताडून पाहत चित्रे क्रमाने लावावी लागत. १८८२ साली हे सारे ग्रंथरूपाने आले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘सूत्री विभाजन’ या शीर्षकाखाली ज्या आकृत्या असतात, त्यांचे मूळ तिथे आहे. आनुवंशिकतेवरचे मेंडेलचे काम तेव्हा कुणाच्या गावी नव्हते, त्यामुळे हे धागे नेमके काय वाहून नेतात याची फ्लेमिंग यांना कल्पना नव्हती.

या विषयात नव्याने येणारा वाचक, मग तो बी.एस्सी.चा विद्यार्थी असो की रुग्णाचा भाऊ, बहुधा एकच समजूत घेऊन येतो: कर्करोगाच्या पेशी फार वेगाने वाढतात. ती आधी दूर करायला हवी. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि रोज अंदाजे ३३ हजार कोटी नव्या तयार होतात, बहुतेक रक्ताच्या आणि त्याखालोखाल आतड्याच्या. लहान आतड्याचे आतले अस्तर तीन ते पाच दिवसांत सगळे बदलते. या वेगापुढे बहुतेक गाठी मंदच म्हणायच्या. स्तनाच्या अनेक गाठींना दुप्पट व्हायला काही महिने लागतात. केमो घेताना केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात, ते याचमुळे. विभाजनावर घाव घालणारे औषध जिथे विभाजन जोरात चालू असते तिथे आधी लागते, आणि त्या जागा केसांच्या मुळांशी, तोंडाच्या अस्तरात, अस्थिमज्जेत असतात.

मग गाठीत वेगळे काय असते? यकृताचे उदाहरण घ्या. आजारी नातेवाइकाला यकृताचा भाग देणारा माणूस निम्म्याहून अधिक यकृत देऊन घरी येतो. उरलेल्या भागातल्या पेशी, एरवी वर्षानुवर्षे स्वस्थ असलेल्या, लगेच विभाजनाला लागतात. काही महिन्यांत यकृताचे आकारमान पहिल्याच्या जवळपास येते आणि काम बंद होते. उंदरांवरचा हा प्रयोग १९३१ पासून पाठ्यपुस्तकांत आहे: दोन तृतीयांश यकृत काढा, ते पुन्हा भरून येईल आणि थांबेल. या घटनेतला वाढीचा भाग मला तितकासा नवलाचा वाटत नाही. जीवाणू, यीस्ट, तळ्यातला अमीबा, सगळे अन्न मिळेल तोवर दुभंगतच असतात. पेशीची ती फार जुनी सवय आहे. नवल आहे ते थांबण्याचे. अब्जावधी पेशींनी एकत्र राहायचे ठरवल्यावर प्रत्येकीला आपली ही सवय आवरावी लागली, आणि त्यासाठी उत्क्रांतीने एकावर एक बंधने रचली. ती बंधने कोणती आणि एकेक करून कशी तुटतात, हा या अभ्यासक्षेत्राचा खरा विषय आहे. पुढची सगळी प्रकरणे याच प्रश्नाभोवती फिरतात.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो थिओडोर बोव्हेरी यांनी, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात गाठींवर फारसे काम केलेले नव्हते. त्यांचे प्राणी म्हणजे समुद्रातले सी-अर्चिन. एका अंड्यात एकाच वेळी दोन शुक्रजंतू शिरतील अशी व्यवस्था केली, तर त्या अंड्यात गुणसूत्रे ओढणारी टोके दोनाऐवजी चार होतात आणि गुणसूत्रांची वाटणी कशीही होते. असे गर्भ वेडेवाकडे वाढतात, मरतात. यावरून बोव्हेरी यांनी निष्कर्ष काढला की प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे आणि सगळी मिळूनच पेशी धड चालते. बर्लिनचे डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्येच कर्करोगाच्या पेशींत असमान विभाजने पाहून ठेवली होती. बोव्हेरी यांनी हे दोन धागे जोडले आणि १९१४ मध्ये एक छोटेसे पुस्तक लिहिले. गाठ एकाच पेशीपासून सुरू होते; त्या पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड असतो; निरोगी पेशीत विभाजन रोखणारी यंत्रणा असते आणि ती गमावली की पेशी सुटते. हाती पुरावा म्हणावा असा थोडा, पण तर्क इतका नेटका की शंभर वर्षांनंतरही त्यातले फार थोडे खोडावे लागते. दुसऱ्याच वर्षी ते वारले. त्यांच्या पत्नी मार्सेला स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या; त्यांनी केलेले या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९२९ मध्ये निघाले, तरी तेव्हाही त्याकडे फारसे कुणी वळले नाही.

त्यानंतरच्या शोधांचा पसारा मोठा आहे. इथे धावता आढावा पुरे. एसटीत कंडक्टरने दोन घंट्या दिल्या की गाडी निघते, एक दिली की थांबते. ड्रायव्हर आपल्या मनाने गाडी हलवत नाही. शरीरातली पेशीही बाहेरून, बहुधा शेजारच्या पेशींकडून, वाढीचा इशारा आल्याशिवाय विभाजनाला लागत नाही. हा इशारा पेशीच्या पृष्ठभागावरून केंद्रकापर्यंत पोचवणारी प्रथिनांची साखळी असते. त्यातल्या एखाद्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला आणि ते ‘चालू’ अवस्थेतच अडकले, तर बाहेर काही नसताना आत दोन घंट्या वाजत राहतात. अशा बिघडलेल्या जनुकांना ऑन्कोजीन म्हणतात. पहिले ऑन्कोजीन कोंबडीच्या गाठीतल्या एका विषाणूत सापडले. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये तो विषाणू दाखवला होता आणि त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. पण खरा धक्का बसला तो १९७६ मध्ये. मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की विषाणूतले हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. निरोगी कोंबडीच्या जनुकसंचातून त्याने ते उचललेले आहे. म्हणजे रोगाचे बीज बाहेरून येतेच असे नाही, रोजच्या कामाचे जनुकच बिघडते. किती बिघडावे लागते, याचे उत्तर १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातल्या रास या जनुकाने दिले: हजारो अक्षरांच्या जनुकात एकच अक्षर बदललेले, त्यामुळे प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलेले.

दुसरी बाजू, रोखणाऱ्या जनुकांची, शोधायला अवघड होती. असलेली गोष्ट दिसते. नसलेली कशी दाखवायची? इथे आल्फ्रेड नडसन यांचा १९७१ मधला छोटा निबंध प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या रुग्णालयातले रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाचे, ४८ रुग्ण त्यांनी घेतले. ना नवे यंत्र, ना नवा रंग. फक्त वय, एक डोळा की दोन, घरात आणखी कुणाला होता का, आणि आलेखाचा कागद. दोन्ही डोळ्यांना गाठ असलेली मुले लहान वयातच रुग्णालयात येत. वयानुसार अजून निदान न झालेल्यांचे प्रमाण लघुगणकी मापावर मांडले की त्यांचा आलेख सरळ रेषेत उतरे. म्हणजे रोग व्हायला आणखी एकच घटना घडायची बाकी होती. एकाच डोळ्याला गाठ असलेल्यांचा आलेख आधी रेंगाळे आणि मग खाली वळे; तिथे दोन घटना लागत होत्या. नडसन यांनी अर्थ लावला की या रोगाला दोन आघात लागतात आणि आनुवंशिक रुग्ण त्यातला एक जन्मतः घेऊन येतो. प्रत्येक जनुकाच्या पेशीत दोन प्रती असतात. एक गेली तरी दुसरी काम भागवते. पंधरा वर्षांनी, १९८६ मध्ये, तेराव्या गुणसूत्रावरचे ते जनुक हाती आले. त्याला आरबी म्हणतात.

आरबीचे काम समजले आणि दोन वेगळ्या वाटांनी चाललेले संशोधन एका जागी आले. दुसरी वाट कर्करोगाची नव्हतीच. सिएटलमध्ये लेलँड हार्टवेल पावासाठी वापरले जाणारे यीस्ट वाढवत होते. या यीस्टला विभाजनापूर्वी कोंब फुटतो, आणि कोंबाच्या आकारावरून पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते नुसते पाहून कळते. तापमान वाढवले की एकाच टप्प्यावर अडकणारे शेकडो बिघडलेले वाण त्यांनी गोळा केले. पॉल नर्स दुसऱ्या जातीच्या यीस्टवर काम करत होते. विभाजनाची वेळ ठरवणारे एक जनुक त्यांना मिळाले. टिम हंट १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वूड्स होल इथे सी-अर्चिनच्या अंड्यांत प्रथिने कशी तयार होतात ते पाहत होते. एक प्रथिन हळूहळू वाढे आणि ऐन विभाजनाच्या वेळी नाहीसे होई, पुन्हा वाढे, पुन्हा नाहीसे. त्याला त्यांनी सायक्लिन म्हटले. नर्स यांच्या जनुकापासून होणारे प्रथिन आणि हंट यांचे सायक्लिन एकमेकांचे जोडीदार निघाले. नर्स यांच्या प्रथिनाच्या प्रकाराला पुढे सीडीके म्हटले गेले. ही जोडी, सायक्लिन आणि सीडीके, पेशीला चक्राच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात ढकलते.

१९८७ मधला एक प्रयोग मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. मेलानी ली आणि नर्स यांनी यीस्टच्या अशा पेशी घेतल्या, ज्यांचे हे जनुक निकामी होते आणि म्हणून ज्या विभाजन करू शकत नव्हत्या. त्यांच्यात माणसाची जनुके सोडली. बहुतेक पेशी तशाच राहिल्या, पण काही वाढू लागल्या. माणसाचे एक जनुक यीस्टमध्ये जाऊन यीस्टचे काम करू लागले होते. दोघांचा समान पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा; एवढ्या काळात या यंत्राचा गाभा बदललेला नाही. हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ चे नोबेल मिळाले. ‘यीस्टवर कसले कर्करोगाचे संशोधन’ असे म्हणणाऱ्या अनुदान समित्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

दोन्ही वाटा जुळतात त्या अशा. आरबी हे प्रथिन विभाजनाची जनुके चालू करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरून बसते. इशारा आला की सायक्लिन-सीडीकेची जोडी आरबीवर फॉस्फेटचे कण चिकटवते, पकड ढिली होते, काम सुरू होते. काम संपले की आरबी पुन्हा पकड घेते. जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या तर धरायला कुणीच उरत नाही. बऱ्याच मानवी कर्करोगांत आरबी तरी बिघडलेले सापडते, किंवा त्याला सोडवणारी ही जोडी तरी अनावर झालेली.

आणखी एक पहारेकरी आहे, पी५३. १९७९ मध्ये ते सापडले आणि पुढची दहा वर्षे सगळे त्याला कर्करोग घडवणारे प्रथिन समजत होते, कारण प्रयोगशाळांतून फिरणाऱ्या प्रती बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये चित्र उलटे झाले. डीएनए तुटला की पी५३ विभाजन थोपवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले असते. हत्तीत आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पेशी असूनही त्याला कर्करोग त्या मानाने कमी होतो. २०१५ मध्ये त्याच्या जनुकसंचात पी५३ च्या सुमारे २० प्रती मोजल्या गेल्या. हत्तीच्या कमी कर्करोगाचे हे एकच कारण आहे असे अजून कुणी ठामपणे म्हणू नये.

‘पेशींचे अनियंत्रित विभाजन म्हणजे कर्करोग’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य अर्धेच आहे. तुमच्या हातावरचा तीळ पाहा. अनेक तिळांतल्या पेशींत बीआरएएफ नावाच्या वाढीच्या जनुकात तोच बदल असतो, जो मेलानोमा या त्वचेच्या घातक कर्करोगात सापडतो. एका पेशीत तो बदल झाला, तिची पिलावळ वाढली, दोन-चार मिलिमीटरचा ठिपका झाला आणि पेशी कायमच्या थांबल्या. बाकीची बंधने शाबूत होती. गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ नारळाएवढी होऊनही शेजारच्या अवयवात घुसत नाही. वाढणे एक, मरायला नकार देणे दुसरे, आणि आपली हद्द ओलांडून रक्तावाटे दूरच्या हाडात, फुप्फुसात, मेंदूत जाऊन बस्तान मांडणे तिसरे. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू या तिसऱ्या प्रकाराने होतात, आणि त्याबद्दलचे आपले ज्ञान विभाजनाबद्दलच्या ज्ञानापेक्षा कितीतरी तोकडे आहे. डग्लस हॅनहान आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २००० मध्ये कर्करोगाची सहा लक्षणे मांडली आणि २०११ मध्ये यादी वाढवली. यादी उपयोगी आहे, पण विद्यार्थी ती परीक्षेसाठी घोकतात आणि तिच्यामागचा काळ विसरतात. एका पेशीपासून १ सेंटिमीटरची गाठ व्हायला सत्तावीस ते तीस दुपटी लागतात. हाताला लागते तेव्हा गाठीचे बरेचसे आयुष्य उलटून गेलेले असते.

वर सांगितलेल्या दोन्ही पहारेकऱ्यांना एकाच वेळी बाजूला सारणारा विषाणू आपल्या ओळखीचा आहे: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणारा एचपीव्ही. त्याचे ई-७ हे प्रथिन आरबीला निकामी करते, ई-६ हे पी५३ ला नष्ट करवते. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अशा गाठीचा तुकडा, तिला न विचारता, प्रयोगशाळेत गेला. जॉर्ज गाय यांनी त्या पेशी वाढवल्या. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. ‘हेला’ नावाने तिच्या पेशी जगभर आजही वाढताहेत. त्यांत एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे. २००० साली येल विद्यापीठात या पेशींतली ई-६ आणि ई-७ ची जनुके दाबून पाहिली. जवळजवळ पन्नास वर्षे अखंड विभाजन करणाऱ्या पेशी थांबल्या. आरबी आणि पी५३ यांची जनुके त्यांत इतकी वर्षे धडधाकट होती, फक्त अडवलेली. या साऱ्या विषयात मला सर्वांत जास्त भावणारा प्रयोग विचाराल तर हाच.

गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकलेल्या एक बाई पुण्याच्या होत्या. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली होती. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली, आणि परदेशातून परतल्यावर त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठी माध्यमाच्या पुस्तकांत त्यांचे नाव अजूनही परिशिष्टात सापडते, हे मला खटकते.

एचपीव्ही या विषाणूचा धागा मराठवाड्यातही येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाने, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. गावांचे गट पाडून एका गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी दिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले होते. तुलनेच्या गटाला चाचणी का दिली नाही, यावर पुढे टीका झाली, आणि ती टीका वाचकाने निष्कर्षाइतकीच लक्ष देऊन वाचावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या एचपीव्ही लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ई-६ आणि ई-७ पेशीत शिरूच नयेत, ही त्यामागची कल्पना.

आता नशिबाचा प्रश्न. प्रत्येक विभाजनात सहाशे कोटी अक्षरे उतरवून काढावी लागतात आणि दुरुस्तीनंतरही काही चुका राहतात. म्हणजे जिथे विभाजने जास्त, तिथे कर्करोग जास्त? २०१५ मध्ये क्रिस्टियन तोमासेत्ती आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी ३१ प्रकारच्या ऊती घेऊन असेच दाखवले. मोठ्या आतड्यात मूलपेशींची विभाजने लहान आतड्यापेक्षा खूप अधिक होतात आणि कर्करोगही. ऊतीऊतींमधल्या जोखमीतला दोन तृतीयांश फरक विभाजनांच्या संख्येशी जुळतो, असे त्यांचे म्हणणे. वृत्तपत्रांनी मथळे दिले, ‘दोन तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवाने’. हे वाचन चुकीचे आहे. मोठे आतडे आणि लहान आतडे यांतला फरक समजणे वेगळे, आणि तंबाखू खाणारा व न खाणारा यांतला फरक समजणे वेगळे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, तो गालाच्या पेशींच्या दुर्दैवाने नव्हे. गुटखा, तंबाखू-चुना, बायकांच्या हातातली मिश्री, यांचा हिशेब त्या आलेखात नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांतला कर्करोग काजळीला जोडला तो १७७५ मध्ये; तेव्हा पेशी हा शब्दसुद्धा वैद्यकात रुळलेला नव्हता.

उपचारांवरचे प्रकरण शेवटी आहे, तरी इथे एक-दोन गोष्टी सांगतो. अंगणातली सदाफुली मधुमेहावर चालते अशा समजुतीने तिची पाने जमैकातून कॅनडात तपासायला गेली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांच्या उंदरांची साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघाले, पुढे व्हिन्क्रिस्टिन. फ्लेमिंग यांनी पाहिलेली गुणसूत्रे ज्या तंतूंनी ओढली जातात, ते तंतू ही द्रव्ये बनू देत नाहीत. टॅक्सॉल याच्या उलट, तंतू सुटूच देत नाही. परिणाम तोच, पेशी मधेच अडकते. टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये मन्रो वॉल यांच्यासह उलगडणारे मनसुख वाणी नंदुरबारचे. कॅम्प्टोथेसिन हे आणखी एक द्रव्य याच जोडीने चीनमधल्या एका झाडातून काढले होते. ते सह्याद्रीतल्या नरक्यातही मिळते आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. या औषधांना पेशी चांगली की वाईट ते कळत नाही. त्या मानाने २०१५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेले पाल्बोसिक्लिब नेमके सीडीकेच्या दोन प्रकारांवर बसते आणि स्तनाच्या ठरावीक कर्करोगांत आरबीची पकड टिकवते. यीस्टचा कोंब आणि सी-अर्चिनचे अंडे यांतून निघालेले काम अखेर एका गोळीपर्यंत आले, त्याला तीस-चाळीस वर्षे लागली.

रुग्णाच्या नातेवाइकांनी हे पुस्तक उपचार ठरवण्यासाठी वापरू नये. ते डॉक्टरांशी बोलताना प्रश्न नीट विचारता यावेत एवढ्यासाठी आहे. त्यांनी आरबी आणि पी५३ वरची प्रकरणे आधी वाचली तरी चालेल. विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती. पुस्तक उघडण्यापूर्वी एक कांदा पाण्याच्या ग्लासावर ठेवून मुळे फुटू द्या. सकाळच्या वेळी मुळाचे टोक कापा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे गरम करा, ॲसिटोकार्मिनने रंगवा आणि काचेखाली अंगठ्याने दाबून पसरवा. शेजारीशेजारी शंभर पेशी मोजा. त्यांतल्या किती विभाजनात आहेत आणि किती स्वस्थ, ते वहीत लिहा. मग मुळाच्या वरच्या, जुन्या भागाची तशीच एक स्लाइड करून तिथलीही मोजणी करा. दोन्ही आकडे समोर ठेवून पहिले प्रकरण वाचायला घ्या.